उद्धव मिस्त्रीची छोटी बुलेट

उद्धवची उंची पाच फूट एक इंच. मी त्याच्यापेक्षा हातभर उंच, त्यामुळे आम्ही दोघं रस्त्यानं निघालो की शाळेतली पोरं मागून काय बोलत ते मला चांगलं ठाऊक होतं. त्याला त्याचं काही वाटत नसे. मला राग यायचा. राग यायला मला फार काही लागत नाही, हे गावानं मी रुजू झाल्याच्या पहिल्या आठवड्यातच ओळखलं होतं.

मी परभणीचा. एक्याऐंशी साली पोखर्णीच्या अलीकडच्या या आडगावात मास्तर म्हणून आलो. उद्धव इथलाच, कोरडवाहू चार एकरांतला. त्याचं खरं काम हापसे दुरुस्त करण्याचं. पंचायत समितीनं तालुक्यातली पन्नासेक गावं त्याच्या गळ्यात घातली होती, म्हणून गाव त्याला मिस्त्री म्हणे. त्याच्या हाताखाली लिंबाजी होता, ओढ्यापलीकडच्या बौद्ध वस्तीतला. मोठा पाना, साखळी, रॉड हे सगळं खांद्यावर घेणारा उंच, काटक माणूस. हापशाचे पाईप वर ओढायला सात-आठ माणसं लागतात. म्हणून गावात पोचल्यावर उद्धव आधी हापशाच्या लोखंडी धडावर पान्यानं तीन ठोके मारायचा. ठण्, ठण्, ठण्. ते ऐकून माणसं हातातलं काम टाकून येत. पाण्याच्या कामाला कोण नाही म्हणणार?

शहाऐंशी साली त्यानं ती गाडी घेतली. परभणीत एक प्राध्यापक निवृत्त होऊन गावी चालले होते, त्यांची जुनी. लांबून बघितली तर बुलेटच. तशीच गोल टाकी, टाकीवर हातानं ओढलेल्या सोनेरी रेघा, तसंच रुंद हँडल, तशीच ऐसपैस सीट. फक्त इंजिन लहान, आणि सगळं अंग त्याच मापानं थोडं आखडतं घेतलेलं. लोक तिला छोटी बुलेट म्हणत.

“मोठी बुलेट म्हंजी हत्ती पाळणं हाय, गुर्जी,” उद्धव मला समजावून सांगे. “किक मारायला पैलवान लागतो. चिखलात बसली तर चार माणसं बोलवा. ही माझी बाई पेट्रोलच्या वासावर चालतीया. आन् हे बघा.” असं म्हणून तो सीटवर बसून दोन्ही पाय जमिनीला टेकवून दाखवी. चपलेची टाच, अंगठा, सगळं टेकलेलं. समितीतल्या कारकुनाच्या मोटरसायकलवर त्याचे पाय लोंबकळत, आणि कुठं थांबायचं झालं की तो आधी दगड शोधी. या गाडीवर तो पाठ ताठ करून, हात पसरून बसला की त्याची उंची कुणाच्या ध्यानात येत नसे. आठ वर्षं तो त्या गाडीवर बसून जेवढा सुखी होता तेवढा सुखी माणूस मी या गावात दुसरा पाहिला नाही. रोज सकाळी तो टाकी पुसायचा. त्याची बायको विमला म्हणायची, “माझं तोंड बी एवढ्या मायेनं कवा पुसलं न्हाई.”

खरी बुलेट गावात एकच होती, अण्णासाहेबांची. गावची निम्मी काळी जमीन त्यांची, म्हणून गाव त्यांना मालक म्हणे. त्यांच्या गाडीचा आवाज कोसभरावरून यायचा आणि पारावर बसलेली माणसं आपोआप उभी राहायची. तरुणपणी उद्धवला पारावरून हाक मारून त्या गाडीला धक्का मारायला बोलावत. धक्का मारायचा तो मागून, सीटला हात लावून. हँडलला हात लावायची परवानगी नव्हती. ही गोष्ट त्यानं मला पंचवीस वेळा तरी सांगितली असेल. दर वेळी तो हसत सांगायचा, आणि ते हसणं मला कधी खरं वाटलं नाही.

ओढ्यापलीकडे त्याच आवाजाचा अर्थ निराळा होता. अठ्ठ्याहत्तर साली विद्यापीठाच्या नावावरून मराठवाडा पेटला तेव्हा मी इथं नव्हतो. लिंबाजीनं सांगितलं ते एवढंच: पुढं मालकाची बुलेट आणि मागं माणसं. वस्तीतली अकरा घरं जळाली. त्यातही वाईट हे, की माणसं लपली होती तर ओळखीच्याच लोकांनी नाव घेऊन हाका मारल्या. “ये लिंबाजी, भिऊ नको, आमीच हाव.” जे हाकेला ओ देऊन बाहेर आले त्यांना मारलं. लिंबाजीचा थोरला भाऊ त्यातच गेला.

तेव्हापासून वस्तीत एक रीत पडली होती. बुलेटचा आवाज ओढ्याकडं वळला की बायका हातातलं टाकून पोराबाळांना उभ्या पिकात घेऊन जात. अण्णासाहेब नुसते विहिरीवरची मोटार बघायला निघालेले असले तरी जात. सोळा वर्षं हे चाललं होतं आणि गावातल्या शहाण्यासुरत्या लोकांना ते गमतीचं वाटत होतं. पिकं काढलेली असली की बायका ओढ्यात उतरत.

आता पाईपाची गोष्ट सांगतो. त्र्याण्णवच्या दिवाळीत अण्णासाहेबांचा मुलगा दिनकरराव पारावर उभा होता. उद्धव समोरून गेला. त्या छोट्या इंजिनाचा आवाज बारीक, फटफटफट असा. दिनकरराव मोठ्यानं म्हणाला, “उद्धव, तुझ्या बुलेटला सर्दी झाली का रं? काढा पाज तिला!” पार हसला. मी तिथंच होतो. मीही हसलो. खोटं कशाला लिहू?

जानेवारी उजाडल्यावर उद्धव पोखर्णीला गेला, नरसिंहाचं दर्शन घेतलं आणि तिथल्या वेल्डरकडं जाऊन सायलेन्सरच्या पोटातली जाळी काढून टाकली. त्याच्या जागी हापशाच्या जुन्या पाईपाचा हातभर तुकडा जोडून घेतला. हात भाजू नये म्हणून ओलं पोतं गुंडाळून तो तुकडा लिंबाजीनं धरून ठेवला होता.

संध्याकाळी गाडी गावात शिरली ती भक्, भक्, भक् करत. हुबेहूब बुलेट नव्हती. शेजारी उभं राहणाऱ्याला फरक कळला असता. पण भिंतीआडून ऐकणाऱ्याला कळत नव्हता, आणि उद्धव मुद्दाम हळू चालवत होता. पारावरची माणसं धडपडत उभी राहिली. एकानं तर टोपी सारखी केली. समोरून उद्धव आला तेव्हा त्यांची तोंडं बघण्यासारखी झाली. “आँ, मिस्त्री, तुमी हाव व्हय! आमाला वाटलं मालक आले.” उद्धव त्या संध्याकाळी उगाचच गावाला तीन फेऱ्या मारून आला. मला त्याचा इतका आनंद झाला की मी म्हणालो, “उद्धवराव, आता तुम्हीच मालक.” आज हे वाक्य आठवलं की जीभ हासडावीशी वाटते.

लिंबाजी मात्र त्याच दिवशी म्हणाला होता, “मिस्त्री, एक करा. वड्याच्या अलीकडंच गाडी बंद करत जावा. आमच्या वस्तीत हा आवाज नगं.”

“बरं बाबा,” उद्धव म्हणाला, आणि त्यानं तो शब्द पाळलाही. त्यानंतर दोनदा तो वस्तीत गेला तो ओढ्यातून गाडी ढकलत. म्हणजे झालं असं, की सगळ्या गावानं तो नवा आवाज ऐकला, फक्त वस्तीनं ऐकला नाही. लिंबाजीनंही घरी त्याचा विषय काढला नव्हता. वस्तीच्या कानात छोट्या बुलेटचा आवाज तोच जुना, बारीक होता.

संक्रांतीच्या दिवशी रेडिओवर नामविस्ताराची बातमी आली. ओढ्यापलीकडं निळे झेंडे लागले. लिंबाजी रडला. सोळा वर्षांनी, भावाच्या नावानं रडला. त्याच संध्याकाळी तो परभणीहून गाडी धरून औरंगाबादला निघाला, विद्यापीठाची कमान डोळ्यांनी बघायला. निघण्याआधी उद्धवच्या दारात आला. लिंबाजीची मुलगी रुख्मिणी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. दिवस भरत आले होते. नर्सबाईनं सांगितलं होतं की मूल आडवं आहे, कळा सुरू झाल्या की घरी एक घडीही थांबायचं नाही, परभणीच्या दवाखान्यात न्यायचं, नाहीतर दोन्ही जीव जातील.

“मी परवाच्याला येतो,” लिंबाजी म्हणाला. “तवर पोरीचं काई कमीजास्त झालं तर तुमची गाडी तेवढी.”

“तू बिनघोर जा. रुख्मिणी मला लेकीसारखी हाय.”

दुसऱ्या दिवशी एसट्या बंद पडल्या. कुठल्या कुठल्या गावांत घरं जाळल्याच्या बातम्या येऊ लागल्या. आमच्या गावात अजून काही झालं नव्हतं. पण दिनकरराव आणि त्याच्या टोळीतली चार पोरं बुलेटवर आलटून पालटून गावाभोवती चकरा मारत होती. काही न करताही धाक घालता येतो, हे त्यांना वारशानं मिळालं होतं.

सोळा तारखेला सकाळी मी शाळेचं कुलूप काढत होतो. लिंबाजीची बायको धुरपताबाई रानातून, आडवाटेनं धावत आली. धाप लागल्यामुळं तिला बोलता येईना.

“गुर्जी, पोरीला कळा सुरू झाल्या. मिस्त्रीला सांगा. आमी तिला वड्यापस्तोर चालवत आणावं का?”

“अजिबात नको,” मी म्हणालो. “चालवू नका तिला. आम्ही दारापर्यंत गाडी आणतो.”

हे मी म्हणालो. मास्तर माणूस, मला सगळं कळत होतं ना!

ती आल्या पावली परत पळाली. मी उद्धवकडं गेलो. थंडी कडाक्याची होती. बारा-पंधरा किका मारल्या तेव्हा गाडी चालू झाली. “तुमी मागं बसा, गुर्जी,” तो म्हणाला. “तुमी असलाव म्हंजी वाटंत कुणी आडवणार न्हाई. वस्तीत उतरा.” आम्ही निघालो. ओढा आला. उद्धवचा हात किल्लीकडं गेला आणि तिथंच थांबला.

“बंद केली तर परत चालू व्हायला टाईम खाईल,” तो म्हणाला.

“चल, चल,” मी म्हणालो.

आम्ही भक्, भक् करत ओढा चढलो.

वस्तीत माणूस नव्हतं. एका चुलीवर भाकरी होती, ती करपून धूर निघत होता. लिंबाजीच्या दारात पाण्याची घागर लवंडली होती आणि उंबऱ्यापासून अंगणापर्यंत ओल्या मातीत पावलं उमटली होती. त्यांतली दोन फरफटलेली होती. उद्धवच्या आधी मी ते बघितलं. उद्धवनं गाडी बंद केली. शांतता झाली तशी पलीकडच्या ज्वारीतून सळसळ ऐकू आली. दाण्यावर आलेली, माणसाच्या डोक्यावर जाणारी ज्वारी होती.

“धुरपताबाई!” उद्धव ओरडला. “ये रुख्मिणी! आगं, मी उद्धव हाय! भिऊ नका, बाहेर या!”

सळसळ थांबली. कुणी ओ दिली नाही. आम्ही ज्वारीत शिरलो. नावं घेऊन घेऊन हाका मारत होतो, तो एका अंगानं, मी दुसऱ्या अंगानं. पानांनी तोंडं कापली. आम्ही जितके आत जात होतो तितके ते पुढं सरकत होते. ओळखीचा माणूस नाव घेऊन बोलावतोय, भिऊ नको म्हणतोय, याचा या वस्तीत काय अर्थ होतो हे लिंबाजीनं मला सांगितलेलं होतं. तरी मी ओरडतच होतो. किती वेळ गेला सांगता येत नाही. ऊन चांगलं वर आलं.

शेवटी उद्धव धडपडत वस्तीत परत आला. गाडीच्या पेटीतून पाना काढला आणि हापशाजवळ गेला. धडावर तीन ठोके मारले. थांबला. पुन्हा तीन मारले. आता तो रडत होता.

ज्वारीच्या कडेला धुरपताबाई उभी राहिली. हातांवर रक्त होतं. तिनं उद्धवकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, आणि मग ओढ्याकडं.

“मिस्त्री, तुमी हाव? मालकाची गाडी कुठं गेली?”

उद्धव पाना टाकून ज्वारीत शिरला. मीही शिरलो.

रुख्मिणी पार पलीकडच्या धुऱ्याला, बांधालगत, पडली होती. ओरडण्याचा आवाज बाहेर जाऊ नये म्हणून तिनं तोंडात पदराचा बोळा कोंबला होता. तो तिच्या दातांतून काढायला वेळ लागला. चौघांनी उचलून तिला गाडीवर बसवलं. पुढं उद्धव, मध्ये ती, मागं तिला मिठी मारून धुरपताबाई. गाडी निघाली तशी वस्तीतल्या बायका त्या आवाजानं दचकल्या आणि त्यांना सगळं समजलं. मी त्यांच्यामध्ये उभा होतो आणि मला वाटत होतं, निदान शिव्या तरी द्या.

परभणीच्या दवाखान्यात डॉक्टरांनी तिला तातडीनं आत घेतलं. मूल पोटातच गेलं होतं. रुख्मिणी दुपारी चारच्या सुमाराला गेली. एकोणीस वर्षांची होती. माझ्या शाळेत चौथीपर्यंत शिकली होती, पाढे खणखणीत म्हणायची.

लिंबाजी अठरा तारखेला परतला. परभणी स्टेशनवरच त्याला कळलं होतं, पण काय झालं ते नीट कळलं नव्हतं. तो सरळ उद्धवच्या दारात आला. उद्धवनं काही लपवलं नाही. ओढा, किल्ली, आवाज, हाका, सगळं आपल्या तोंडानं सांगितलं. मी बाजूला होतो. मीही माझं सांगितलं. लिंबाजी गाडीजवळ जाऊन उकिडवा बसला. त्या पाईपाकडं बघत राहिला. त्याच्या एका तळहातावर वेल्डिंगच्या ठिणगीचा डाग अजून दिसत होता.

“पाईप मीच धरला व्हता, मिस्त्री,” तो म्हणाला, आणि उठून गेला. परत तो उद्धवबरोबर कामाला आला नाही.

पारावर चर्चा झाली. कुणाचा काय दोष, नशीब म्हणायचं, असं लोक म्हणाले. अण्णासाहेबांनी जाहीर सांगितलं की त्या दिवशी त्यांची गाडी अंगणातच उभी होती, कुणीही येऊन विचारावं. ते खरंच होतं. सोळा वर्षांपूर्वी त्यांनी जे करून ठेवलं होतं ते त्या दिवशी त्यांच्याशिवायच पार पडलं. ते करायला आम्ही दोघं गेलो होतो, एक भला मिस्त्री आणि एक शिकलेला मास्तर. मोठ्या माणसाच्या आवाजाची आम्हाला हौस आली होती.

उद्धवनं तो पाईप करवतीनं कापून काढला. जुना सायलेन्सर बसवला. गाडी पुन्हा बारीक बोलू लागली, पण तो तिच्यावर क्वचितच बसायचा. टाकीवर धूळ साचू लागली. विमला एखाद्या वेळी पुसायची.

एप्रिलमध्ये वस्तीतला हापसा बंद पडला. उद्धव चालत गेला. पाना, साखळी, रॉड स्वतःच्याच खांद्यावर, त्या वजनानं आणखी बुटका दिसत होता. मी सोबत होतो. हापशाजवळ पोचल्यावर त्यानं पाना उचलला, पण ठोके मारायचा त्याला धीर होईना. तेव्हा लिंबाजी घरातून बाहेर आला. त्यानं पाना उद्धवच्या हातातून घेतला आणि तीन ठोके मारले. माणसं आली. पाईप वर ओढले, वायसर बदलला, पाईप परत सोडले. तासाभरात पाणी आलं. तेवढ्या वेळात लिंबाजी आणि उद्धव एकमेकांशी कामापुरतंही बोलले नाहीत. सवयीनं हात चालत होते.

धुरपताबाई घागर घेऊन आली. “गाडी कुठंय, मिस्त्री?” तिनं विचारलं.

“हिकडं न्हाई आणत आता,” उद्धव खाली बघत म्हणाला. “आणायलाच नगं व्हती.”

“गाडी तर आमीच बोलावली व्हती,” ती म्हणाली. “आवाज न्हवता बोलावला.”

मग तिनं घागर हापशाखाली लावली आणि दांडा मारू लागली.